सात नंबरची पाचर

"मागे... मागे... अजून थोडी मागे... बास! आजी, बास!"

ठिणगीने दोन्ही हात उंचावले आणि ठमाबाई धापा टाकत थांबली.

ठमाबाई म्हणजे आजी-आजोबांची घरगाडी. तिच्या पोटात दोन पलंग होते, शेगडी होती, घडीचं टेबल होतं आणि एवढीशी मोरी होती, की साबण पडला तर तो उचलायला दार उघडावं लागे! आजीने बत्तीस वर्षं बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर आता घरी बसून आराम करा, असं सगळ्यांनी तिला बजावलं होतं. आजीने त्याच महिन्यात ठमाबाई घेतली. आजोबा सुतार. त्यांनी आतलं सगळं लाकूडकाम आपल्या हाताने केलं. तेव्हापासून दोघं गावोगाव हिंडत होते आणि दर सहामाहीच्या सुट्टीत नातवंडांना घेऊन या तळ्याकाठच्या कॅम्पवर येत होते. जागाही ठरलेली, सात नंबरची. अगदी कडेची. तिच्या खाली दगडी भिंत आणि भिंतीच्या पायथ्याशी खेळाचं मैदान.

ठिणगी बारा वर्षांची. तिचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत घेतलं जाई. तिचा राग इतका चटकन पेट घ्यायचा, की आजीने ठेवलेलं हेच नाव तिला चिकटलं होतं. तिचा धाकटा भाऊ गोगलगाय, कारण तो कुठेही सगळ्यांच्या शेवटी पोचायचा. आणि चुलतभाऊ वकील. तेरा वर्षांचा, चष्मेवाला. "पाणी पी" म्हटलं तरी "का?" असं विचारणारा.

"पाचर लाव रे, वकील! सात नंबरची!" आजोबा म्हणाले.

आजोबांची ही खास पद्धत होती. गाडी जराही कलती उभी राहिली, तर त्यांना चहासुद्धा गोड लागत नसे. म्हणून जिथे जिथे ठमाबाई मुक्काम करी, तिथल्या जमिनीच्या उताराच्या मापाने ते लाकडाची एक पाचर तासत. वर जागेचं नाव कोरून पेटीत ठेवत. पुढच्या वर्षी आलं, की तीच पाचर चाकाखाली घालायची, आजीने गाडी तिच्यावर चढवायची, की काम फत्ते! पेटीत अशा एकोणतीस पाचरी होत्या.

वकिलाने पाचर ठेवली. आजीने गाडी वर चढवली.

"आता ते आण. ते... अरे ते हे... बुडबुड्याचं," आजोबा चुटक्या वाजवू लागले.

"पाणसळ, आजोबा," गोगलगाय म्हणाला.

"हां, तेच!"

पाणसळ टेबलावर ठेवली. काचेच्या नळीतला बुडबुडा मधल्या दोन रेघांमध्ये येऊन थांबायला हवा होता. पण तो सरळ एका टोकाकडे पळाला!

आजोबांनी पाणसळ उलटी करून ठेवली. बुडबुडा पुन्हा त्याच बाजूला. ते खाली उतरले. पाचरीवरचं कोरलेलं नाव त्यांनी बोटाने चाचपलं. तळं, सात.

"भिंतीकडची बाजू खाली गेलीय," ते पुटपुटले. "असं कसं? मीच तर तासली ही..." आणि मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "माझंच माप चुकलं असेल."

ठिणगीने चटकन आजीकडे पाहिलं.

कारण गेल्या महिन्यात आजोबा दुकानातून घरी येताना रस्ता चुकले होते. शेजाऱ्यांनी त्यांना घरी आणून सोडलं. त्या दिवसापासून काकाने, म्हणजे वकिलाच्या बाबांनी, एकच धोशा लावला होता. या वयात हे फिरणं पुरे. खूप वादावादी झाली आणि शेवटी काका म्हणाला होता, "ठीक आहे. ही एक सुट्टी घ्या. शनिवारी मी येतो. बाबांच्या हातून एक जरी चूक झाली असेल, तर गाडी मी घेऊन जाणार आणि विकणार!"

आज गुरुवार होता.

"आजोबांची पाचर चुकत नाही!" ठिणगी मोठ्याने म्हणाली. "जमीनच चुकली असेल!"

"जमीन कशी चुकेल?" वकील म्हणाला.

"ते तू शोध! उगाच का तुला वकील म्हणतात?"

आजोबा कसनुसं हसले. त्यांनी पाचरीखाली फळीचा एक पातळ तुकडा सरकवला. बुडबुडा मध्यावर आला. पण जेवताना त्यांनी एकही गोष्ट सांगितली नाही, आणि ते ठिणगीला फार लागलं.

"माझे बेडूक कुठे गेले?" गोगलगाय तेवढ्यात म्हणाला. "मघाशी खाली जाऊन आलो. एकही नाही."

त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

शुक्रवारी सकाळी ठिणगी सगळ्यांच्या आधी उठली आणि तिने पाणसळ टेबलावर ठेवली. बुडबुडा पुन्हा पळाला होता!

"उठा! उठा रे! जमीन हलतेय!"

"भूकंप!" म्हणून गोगलगाय पलंगावरून धपकन खाली आला.

वकिलाने डोळे चोळत चष्मा लावला. बुडबुड्याकडे तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने दप्तरातून पत्त्यांचा जोड काढला. पाणसळीच्या खालच्या टोकाखाली त्याने एक पत्ता सरकवला. दुसरा. तिसरा. तिसऱ्या पत्त्याला बुडबुडा बरोबर मध्यावर आला.

"रात्रीत तीन पत्ते," तो म्हणाला. "काल फळी घातल्यावर एकही लागत नव्हता. म्हणजे माप आजोबांचं चुकलेलं नाही. काहीतरी अजूनही खचतंय!"

"मग मी काय म्हणत होते!"

आजीने आधी चारही चाकांची हवा मोजली. सारखी होती. मग तिन्ही मुलं बाहेर पडली. आजोबांच्या पेटीतला ओळंबा वकिलाने घेतला, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. ते नेहमी सरळ खाली लोंबतं. जागेच्या कडेला पाण्याच्या नळाचा खांब होता. त्याच्या टोकाशी दोरी धरली, तर वजन खांबापासून चांगलं वीतभर लांब लोंबलं! खांब भिंतीच्या बाजूला झुकला होता.

"आता खांबाच्या चाकांत पण हवा कमी आहे का?" ठिणगीने विचारलं.

फुर्रर्रर्र!

कॅम्पचा मॅनेजर आला होता. त्याच्या गळ्यात कायम शिट्टी असायची आणि बोलण्याआधी ती वाजवल्याशिवाय त्याला शब्दच सुचत नसत. पोरांनी त्याचं नाव शिट्टीसाहेब ठेवलं होतं.

"काय चाललंय? नळाशी खेळायचं नाही!"

वकिलाने सगळं नीट, मुद्देसूद सांगितलं. पाचर, पत्ते, ओळंबा. शिट्टीसाहेब ऐकत होता, पण त्याचं लक्ष गवताकडे होतं. त्याने या वर्षी सगळीकडे हिरवंगार नवीन गवत लावलं होतं आणि ते वाळू नये म्हणून दिवसभर पाण्याचे फवारे गरगर फिरत होते.

"हे बघ बाळ," तो शेवटी म्हणाला, "गेल्या महिन्यातच सगळ्या कॅम्पला नवीन रूप दिलंय. भिंत तर बघा, कशी चकाचक केलीय! तुझ्या आजोबांचं वय झालं. या वयात माणसाला सगळंच वाकडं दिसतं."

ठिणगीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आजोबांना नाही, पाणसळीला वाकडं दिसतंय! तिचं वय झालेलं नाही!"

"उलट बोलायचं नाही! आणि उद्या दुपारी चारला चित्रकला स्पर्धा आहे, भिंतीच्या पायथ्याशी. त्यात भाग घ्या. नसते उद्योग बंद."

फुर्रर्र करून तो गेला.

"चला भिंत बघायला," ठिणगी म्हणाली.

"पण त्याने आत्ताच सांगितलं..."

"त्याने सांगितलं म्हणूनच!"

खाली भिंतीवर निळं आभाळ, पांढरे ढग आणि मधोमध एक मोठा हसरा सूर्य रंगवला होता. भिंत खरंच नवीकोरी दिसत होती. जरा जास्तच. वकिलाने भिंतीच्या एका टोकाशी उभं राहून कडेने डोळा लावून पाहिलं आणि ठिणगीला जवळ ओढलं.

"काय?"

"पोट आलंय तिला. सूर्य पुढे आलाय."

"माझे बेडूक!" मागून गोगलगाय ओरडला. तो आत्ता कुठे पोचला होता. "इथेच होते ना! इथे भिंतीला भोकं होती, त्यातून पाणी ठिबकायचं, खाली चिखल असायचा आणि चिखलात बेडूक! गेल्या वर्षी सोळा होते! आता सगळं कोरडं ठाक आहे. कालपासून सांगतोय मी!"

ठिणगी आणि वकील एकमेकांकडे बघत राहिले. मग तिघांनी धूम ठोकली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच गोगलगाय सगळ्यांच्या पुढे होता!

आजोबा दारातल्या पायरीवर बसले होते. सगळं ऐकता ऐकता त्यांची पाठ ताठ झाली.

"भोकं बुजवली? गिलावा करून?" ते म्हणाले. "अरे, ती भोकं मुद्दाम ठेवलेली असतात! मातीत मुरलेलं पाणी त्यातूनच बाहेर पडतं. वाट बंद केली, तर पाणी जाणार कुठे? आणि वर दिवसभर हे फवारे! सगळं पाणी भिंतीमागे साठतंय आणि तिला पुढे ढकलतंय. म्हणून वरची जमीन खचतेय." ते थांबले आणि त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "नावं विसरतो मी, पोरांनो. खरंच विसरतो. पण लाकडाचं माप कधी विसरलो नाही."

ठिणगीला त्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. ती रडली नाही. ती चिडली.

आजी-आजोबा दोघंही शिट्टीसाहेबाच्या ऑफिसात गेले. दहा मिनिटांत परत आले. आजीचा चेहरा बघूनच कळलं.

"भोकं घाण दिसत होती, शेवाळं धरत होती, म्हणे! स्पर्धा झाल्यावर सोमवारी बघू, म्हणे! आणि वर काय म्हणाला माहितीये? तुमच्या मुलाने कालच फोन करून सांगितलंय, वडिलांच्या बोलण्यावर फार जाऊ नका, त्यांच्याकडून आल्या आल्या पाचर चुकलीय!"

"पाचरीचं काकाला कसं कळलं?" ठिणगीने विचारलं.

वकिलाने चष्मा काढला आणि तो शर्टाला पुसू लागला. पुसतच राहिला.

"तू?"

"बाबांनी सांगितलं होतं, आजोबांचं काही चुकलं तर मला लगेच कळव म्हणून," तो कसाबसा म्हणाला. "मला वाटलं, मी आजोबांची काळजीच घेतोय."

"हेरगिरी करत होतास तू! आजोबांच्याच टेबलावर जेवून!"

"ठिणगे," आजोबा म्हणाले, "बास. त्याने जे पाहिलं ते सांगितलं. आता त्याने पत्तेही मोजलेत. उद्या तेही सांगेल. हो ना रे?"

वकिलाने मान हलवली. संध्याकाळी त्याने पुन्हा पत्ते लावले. पाच.

शनिवारी सकाळी नऊ पत्ते लागले.

"नऊ!" आजीने हातातला कप खाली ठेवला. "गुरुवारी काही नाही आणि आज नऊ! उठा सगळे. गाडी हलवायची."

"पण मॅनेजर म्हणेल..." आजोबा म्हणाले.

"अहो, गाडी माझी आणि चालवणार मी. त्याने खुशाल शिट्टी वाजवावी!"

ठमाबाई गुरगुरत सात नंबरवरून निघाली आणि फाटकाजवळच्या मोकळ्या मैदानाशी येऊन उभी राहिली. आजी लगोलग शेजारच्या दोन गाड्यांकडे गेली. बत्तीस वर्षं प्रवाशांना "पुढे सरका" म्हणणारा तो आवाज! त्यांनीही निमूटपणे जागा बदलली.

पण स्पर्धा? दुपारपर्यंत भिंतीच्या पायथ्याशी चटया अंथरून झाल्या होत्या. रंगाच्या बाटल्या, कागद, सगळं मांडून शिट्टीसाहेब जेवायला गेला होता. चारला तिथे कॅम्पमधली सगळी लहान मुलं बसणार होती. भिंतीला पाठ लावून!

"तो ऐकणार नाही," वकील म्हणाला.

"मग त्याला विचारतंय कोण?" ठिणगी म्हणाली.

कामाला अर्धा तास लागला. ठिणगी आणि वकील धावत जात, चटईच्या लांबच्या टोकाला धरत, ओढत आणि गुंडाळी करून पळत. भिंतीला कुणी हात लावायचा नाही, हे आजोबांनी दहादा बजावलं होतं आणि ते स्वतः पाच पावलांवर उभे राहून सूर्यावर नजर ठेवून होते. गोगलगाय रंगाच्या बाटल्या वाहत होता. त्याच्या शर्टावर त्याआधीच अर्धी स्पर्धा पार पडली होती. भिंतीखालच्या मैदानाच्या तोंडाशी त्यांनी कपडे वाळत घालायची दोरी आडवी बांधली आणि वकिलाने तिच्यावर पाटी अडकवली.

"चित्रकला स्पर्धा फाटकाजवळ हलवली आहे. भिंतीकडे जाऊ नये. हुकमावरून."

"कुणाच्या हुकमावरून?" गोगलगायने विचारलं.

"आजीच्या!"

पावणेचारला दोन गोष्टी एकदम घडल्या. फाटकातून काकाची गाडी आत आली आणि ऑफिसातून शिट्टीसाहेब बाहेर आला.

फुर्रर्रर्र! फुर्रर्रर्र!

"कुणी केलं हे? कुणी केलं?" त्याचं नाक लालबुंद झालं होतं. फाटकाजवळ तेवीस मुलं चटयांवर बसून, चार वाजायच्या आधीच, मजेत चित्रं काढत होती. तो काकाकडे वळला. "साहेब, बरं झालं तुम्ही आलात! बघा तुमच्या घरच्यांचे प्रताप!"

काकाने आजोबांकडे पाहिलं. "बाबा, हे काय? मी म्हणालो होतो ना..."

"बाबा, आधी माझं ऐका!" वकील मध्ये आला. "मी तुम्हाला गुरुवारी चुकीचं सांगितलं. पाचर बरोबर होती. तीन, पाच, नऊ. हे पत्ते मी मोजलेत. चुकलेत ते हे!" आणि त्याने सरळ शिट्टीसाहेबाकडे बोट दाखवलं.

"भिंत मजबूत आहे!" शिट्टीसाहेब गरजला.

"मजबूत आहे ना?" ठिणगीचा ताबा सुटला. "मग तुम्ही जाऊन बसा ना तिच्याखाली! मुलांना कशाला बसवता?"

"बसतो की! बघाच!" त्याने एक खुर्ची उचलली आणि दोरी ओलांडून तो तरातरा निघालाच.

ठिणगी दोरीपाशी धावली. तिला हे नको होतं! तिला त्याला फक्त निरुत्तर करायचं होतं. "नका जाऊ! अहो, मी रागात बोलले! परत या!"

तो थांबला नाही. पण आजोबा केव्हाच दोरीखालून पलीकडे गेले होते. सत्तरी ओलांडलेले आजोबा इतके जोरात धावू शकतात, हे कुणालाच माहीत नव्हतं. शिट्टीसाहेब भिंतीपासून दहा पावलांवर असेल, तेवढ्यात हसऱ्या सूर्याच्या डाव्या डोळ्यातून पाण्याची बारीक पिचकारी उडाली आणि थेट त्याच्या बुटावर पडली. तो बघतच राहिला. आजोबांनी त्याची कॉलर धरली आणि त्याला खुर्चीसकट मागे खेचलं.

"पळ!"

दोघं दोरीशी पोचले आणि मागे धडाडधूम आवाज झाला. आधी सूर्य फुटला. मग ढग कोसळले. दगड, चिखल, पाणी, सगळं गडगडत मैदानावर आलं. वर सात नंबरची जागा नळाच्या खांबासकट खाली घसरली. शेवटी एकच दगड घरंगळत दोरीपासून थोड्या अंतरावर थांबला आणि सगळं शांत झालं.

शिट्टीसाहेब जमिनीवर बसला होता. त्याने शिट्टी तोंडात घातली, पण ती वाजेना.

काका सात नंबरच्या जागेकडे बघत होता. मग त्याने जिथे चटया होत्या तिकडे पाहिलं. तिथे आता कंबरभर दगड होते. मग फाटकाजवळच्या तेवीस मुलांकडे, आणि त्यांच्या मागे शांतपणे उभ्या असलेल्या ठमाबाईकडे. त्याने वकिलाला जवळ ओढलं आणि घट्ट धरून ठेवलं.

त्यानंतर पालकांची एकच झुंबड उडाली. कुणी तिघांची पाठ थोपटत होतं, कुणी आजोबांचे हात हातात घेत होतं. "पोरांनो, तुम्ही नसतात तर!" असं एक आई पुन्हा पुन्हा म्हणत होती. शिट्टीसाहेब मान खाली घालून आजोबांसमोर आला.

"माझं चुकलं, आजोबा."

"माझी माफी नंतर माग," आजोबा म्हणाले. "आधी ते फवारे बंद कर. आणि ज्यांना तू बाळ बाळ म्हणून गप्प केलंस ना, त्यांची माग. हा धाकटा तर दोन दिवस बेडूक बेडूक करून कानीकपाळी ओरडत होता. आमच्याही!"

शिट्टीसाहेबाने तिघांची खरंच माफी मागितली. "मीही सॉरी," ठिणगी पुटपुटली. "ते भिंतीखाली बसा म्हटलं म्हणून. बाकी कशासाठी नाही!"

संध्याकाळी चहा झाल्यावर काकाने खिशातून एक कागद काढला. त्यावर ठमाबाईसाठी शोधलेल्या गिऱ्हाइकाचा पत्ता होता. त्याने तो फाडला.

"तेवढ्याने नाही भागायचं," आजी म्हणाली. "नवी जागा, नवा उतार. पाचर कोण तासणार?"

काकाने बाह्या सरसावल्या. लहानपणी तो आजोबांच्या हाताखाली करवत धरायला शिकला होता, हे ठिणगीला आज पहिल्यांदाच कळलं. आजोबा बाजूला उभे राहून "अरे, हळू! लाकूड आहे, पाव नाही!" असं खेकसत होते आणि काका मुकाट्याने ऐकत होता. तीन वेळा तासून पाचर चाकाखाली बसली. आजीने ठमाबाई वर चढवली.

आजोबा टेबलाशी बसले. "आता ते दे रे. ते... ते हे..."

शब्द सापडायच्या आतच काकाने पाणसळ त्यांच्यापुढे ठेवली.

"तूच वाच," आजोबा म्हणाले.

काका खाली वाकला. बुडबुडा थोडा डुचमळला आणि थांबला.

"मध्यावर आहे."

"नीट बघ."

"नीट बघितलं, बाबा," काका म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्याने लपवले नाहीत. "बरोबर मध्यावर आहे."